व्हिक्टोरियावरचा बुधवार

जुलै १५२२. मध्यरात्र उलटून गेली आहे आणि तू व्हिक्टोरिया या स्पॅनिश जहाजावर उभा आहेस, अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या पश्चिमेला. १५१९ साली मॅगेलनबरोबर पाच जहाजं निघाली. पश्चिमेकडेच जात राहून पृथ्वीला वळसा घालत परतणारं हे एकच. मॅगेलन फिलिपिन्समध्ये मारला गेला, आता हुकूम एल्कानोचा. पोटात फार काही नाही.

तू जहाजावरचा पोऱ्या आहेस. होकायंत्राजवळच्या वाळूच्या घड्याळावर नजर ठेवायची, वरचा फुगा रिकामा झाला की ते उलटं करायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचं, हे तुझं काम. एक फेरी अर्ध्या तासाची. आपल्या जुन्या हिशेबानं सव्वा घटका. आठ फेऱ्या झाल्या की पाळी बदलते.

ते जवळून बघ. दोन फुगे वेगवेगळे फुंकले आहेत. मधे बारीक भोकाची चकती, सांध्यावर मेण, त्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे, कारण ओल शिरली की कण चिकटतात. आत वाळूच असते असंही नाही. अंड्याच्या टरफलांचा चुरा चालतो, संगमरवराची पूडही. पॅरिसच्या एका गृहस्थानं १३९३ च्या सुमारास बायकोसाठी लिहिलेल्या वहीत तिची कृती आहे: काळ्या संगमरवराची पूड वाइनमध्ये उकळा, वरचा फेस काढा, उन्हात वाळवा, आणि हे नऊ वेळा करा. १३४५ च्या सुमारास इंग्लंडच्या राजाच्या जहाजासाठी फ्लँडर्समधून अशी बारा घड्याळं घेतल्याची नोंद आहे.

समुद्रावर वाळूच का? पाण्यावर तरंगत हळूहळू भरून बुडणारं घटिकापात्र या हेलकाव्यांत टिकणार नाही. शिवाय ज्या घड्याळात भांड्यातून पाणी गळतं, त्यात पाणी उतरत गेलं की धारेचा जोर कमी होतो. वाळूचे कण मात्र एकमेकांवर आणि काचेवर रेलतात, वरचं ओझं तोंडापर्यंत पोचतच नाही, म्हणून फुगा भरलेला असो की संपत आलेला, कण जवळजवळ सारख्याच वेगानं पडतात.

झोप आवर. तू डुलकी घेतलीस किंवा पाळी लवकर संपावी म्हणून घड्याळ आधीच उलटलंस, तर जहाज किती अंतर कापून आलं याचा अंदाज बिघडेल. भर समुद्रात वेग आणि वेळ यांवरच तो बांधतात. इतक्या माणसांचा जीव एका जागत्या पोरावर सोपवला होता, हे मला त्या यंत्राइतकंच मोलाचं वाटतं.

९ जुलै, बुधवार. केप व्हर्डच्या सांतियागो बेटाशी नांगर पडतो. अन्न आणायला गेलेली माणसं सांगत येतात की किनाऱ्यावर आज गुरुवार आहे. जहाजावर रोजनिशी लिहिणारा पिगाफेट्टा चक्रावतो, त्यानं तिच्यात एकही दिवस सोडलेला नाही.

तुझीही चूक नाही. सूर्य माथ्यावर आला की घड्याळाचा हिशेब रोज नव्यानं सुरू होतो. पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर ती दुपार रोज जराशी उशिरा येत होती, सरासरी दीड मिनिटाहूनही कमी. घड्याळाच्या चुकीतच ते खपून जात होतं. जवळजवळ तीन वर्षांत त्या मिनिटांच्या अठ्ठेचाळीस फेऱ्या भरल्या. तो हरवलेला दिवस याच काचेतून कणाकणानं गळून गेला होता.