फाळ, जाते आणि कुऱ्हाड : हिब्रू धर्मग्रंथांतील अवजारांचा अर्थ

न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारात तलवार ठोकून तिचा नांगराचा फाळ करणाऱ्या पुरुषाचा एक पुतळा उभा आहे. येवगेनी वुचेतिच या शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा सोव्हिएत संघाने १९५९ साली राष्ट्रसंघास भेट दिला. त्यामागील कल्पना मात्र यशया आणि मीखा या हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील आहे. काही वर्षांपूर्वी इतिहासाच्या तासाला आम्ही या पुतळ्याचे चित्र दाखवीत होतो. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तलवारीचा फाळ होतो, मग फाळाची तलवार का नाही होणार?" मुलाच्या घरी लोहारकाम चाले. वर्गात हशा पिकला आणि आम्हीही धडा पुढे रेटला. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते, हे खरे कारण. ती रुखरुख मनात राहिली, आणि हे ग्रंथ अवजारांच्या अंगाने वाचण्याचा नाद आम्हांस तेव्हापासून लागला. त्या वाचनातून जे हाती आले ते शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे ग्रंथ ज्या समाजात निर्माण झाले तो मुख्यतः डोंगरउतारावर धान्य, द्राक्षे आणि जैतून पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्यांचा समाज होता. गेझेर येथे १९०८ साली आर. ए. एस. मॅकॅलिस्टर यांना चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली. ती इ. स. पू. दहाव्या शतकातील मानली जाते. तीवर वर्षाचे महिने शेतीच्या कामांनुसार सांगितले आहेत : पेरणी, जवाची कापणी, द्राक्षवेलींची छाटणी वगैरे. एखाद्या शाळकरी मुलाचा तो लेखनाचा सराव असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ज्या लोकांचे वर्ष असे कामांवरून मोजले जाई, त्यांच्या ग्रंथांत फाळ, पराणी, विळा, जाते आणि कुऱ्हाड ही पदोपदी यावीत यात नवल नाही. परंतु ती केवळ अलंकारासाठी येत नाहीत. ते अवजार कोणाच्या हाती आहे आणि ते हिरावले गेले तर कोणाचे काय जाते, हा प्रश्न त्यांच्यामागे बहुधा उभा असतो.

पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायातील हकीकत पाहा. पलिष्ट्यांचे वर्चस्व असता इस्राएलच्या देशात लोहार राहिला नव्हता, कारण लोहार असला तर तो तलवारी आणि भाले घडवील अशी पलिष्ट्यांस धास्ती होती. त्यामुळे फाळ, कुदळ, कुऱ्हाड यांना धार लावावयाची तर प्रत्येक शेतकऱ्यास शत्रूच्या मुलखात जावे लागे. लढाईच्या दिवशी शौल आणि त्याचा पुत्र योनाथान यांच्याखेरीज कोणापाशी तलवार वा भाला नव्हता.

या धार लावण्याच्या संदर्भात मूळ संहितेत 'पीम' असा एक शब्द आहे. संपूर्ण हिब्रू धर्मग्रंथांत तो येथे एकदाच येतो. त्याचा अर्थ लुप्त झाल्यामुळे १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरकारांनी तो कानशीचा वाचक समजून वाक्य कसेबसे लावले. पुढे पॅलेस्टाइनच्या उत्खननांत घुमटाच्या आकाराची लहान दगडी वजने मिळाली आणि त्यांतील काहींवर हाच शब्द कोरलेला आढळला. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांनी या दोहोंचा मेळ घातला. 'पीम' म्हणजे शेकेलाचे सुमारे दोनतृतीयांश, म्हणजेच साडेसात ते आठ ग्रॅम एवढे वजन. तेव्हा नाणी नव्हती, चांदी तोलून दिली जाई. म्हणजे वाक्यात कानस नसून मजुरीचा दर होता. मुठीत मावणाऱ्या एका दगडाने तीन शतकांचे चुकीचे वाचन दुरुस्त केले.

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. ही वजने बहुतांशी इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांतील, यहूदाच्या राज्यातील आहेत, तर शौलाचा काळ अकराव्या शतकाच्या अखेरीचा. तेव्हा लेखकाने आपल्या काळचे माप जुन्या कथेत घातले असणे शक्य आहे. तसेच, पलिष्ट्यांकडे लोखंडाचा मक्ता होता असे विधान पूर्वी या उताऱ्याच्या आधारे सर्रास केले जाई. मूळात मात्र तेथे लोखंडाचे नावही नाही, कारागिराचे आहे. तंटा धातूचा नसून धातू घडविणाऱ्या हाताचा होता. जेत्याने लोहार हलविला की जित समाजाची शेती आणि संरक्षण दोन्ही परस्वाधीन होतात, हे कथाकाराने नेमके हेरले आहे.

आता जात्याकडे वळू. मोशेच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'अनुवाद' या ग्रंथात असा निर्बंध आहे की कोणी दुसऱ्याचे जाते, किंवा त्याची वरची तळीसुद्धा, गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे जीवच गहाण घेणे होय. रोजचे पीठ रोज दळणाऱ्या घरात दगड नसला तर त्या दिवशी भाकर नाही. सावकाराने कर्ज द्यावे, तारणही घ्यावे, पण ऋणकोच्या चुलीपर्यंत हात घालू नये, अशी मर्यादा या कायद्याने आखली आहे.

मात्र 'जाते' म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे खुंटा धरून फिरविण्याचे गोल जाते येते, आणि तेथेच आपली फसगत होते. फिरते जाते त्या प्रदेशात बऱ्याच उशिरा, ग्रीक-रोमन काळात प्रचारात आले. त्यापूर्वी घरोघर होता तो आपल्या पाट्यावरवंट्याच्या जातीचा दगड : खाली लांबट, किंचित खोलगट पाटा आणि त्यावर पुढेमागे रेटावयाचा दुसरा दगड. हिब्रूत जात्याला 'रेहाइम' म्हणतात. ते द्विवचनी रूप आहे, कारण दगड दोन. वरच्या दगडाचे नाव 'रेखेव', आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे स्वार होणे. 'निर्गम' ग्रंथात दासीचे वर्णन जात्याच्या मागे असलेली असे येते. दगडामागे गुडघे टेकून तो पुढे रेटणारी बाई डोळ्यांपुढे आणली म्हणजे 'मागे' या शब्दाचा उलगडा होतो.

हे ध्यानी घेतले की 'शास्ते' या ग्रंथातील एक अडचणही दूर होते. अबीमलेख हा आपल्या भावांची कत्तल करून राजा झालेला पुरुष तेबेस नगराच्या बुरुजास आग लावावयास दाराशी येतो, तेव्हा वरून एक स्त्री जात्याची वरची तळी त्याच्या मस्तकावर टाकते. फिरत्या जात्याची तळी घेऊन बाई बुरुजावर कशी चढली, असे कोणीही विचारील. पण वरवंट्यासारखा दगड ती रोजच दोन्ही हातांनी उचलीत होती. गावावर संकट येताच घरातील जी वस्तू हाती लागली ती घेऊन ती धावली, एवढेच. ग्रंथकाराने तिचे नाव दिलेले नाही, दगडाचे मात्र दिले आहे.

कुऱ्हाडीचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. लाकूड तोडताना दांड्यातून पाते निसटून शेजारी मेला, तर तो बुद्धिपुरस्सर केलेला खून नव्हे आणि अशा माणसास आश्रयाच्या नगरात अभय मिळावे, असे 'अनुवाद' सांगतो. वेढा घातलेल्या नगराभोवतालच्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, असाही त्यात नियम आहे. दोन्ही ठिकाणी शब्द 'गर्झेन' हा आहे. हाच शब्द यरुशलेमच्या शिलोह भुयारातील शिलालेखात येतो. हा लेख १८८० साली सापडला. सुमारे ५३३ मीटर लांबीचे हे भुयार इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस, हिज्कीया राजाच्या काळी खोदले गेले असे सामान्यतः मानतात. दोन बाजूंनी खडक फोडीत आलेल्या खोदणाऱ्यांस एकमेकांचा आवाज ऐकू आला आणि गर्झेनला गर्झेन भिडले, असा त्यात वृत्तान्त आहे. राजाचे नाव त्या लेखात नाही, गौरव आहे तो खोदणाऱ्यांचा. शिवाय झाड तोडणाऱ्या अवजाराचे नाव खडक फोडणाऱ्यासही चालत असे, हेही त्यावरून कळते.

अवजाराला विसावा देण्याचाही या ग्रंथांत कायदा आहे. सातव्या दिवशी, नांगरणी-कापणीच्या ऐन हंगामातसुद्धा, काम थांबवावयाचे. बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि उपरा यांना विश्रांती मिळावी, हे त्याचे एक कारण 'निर्गम' स्पष्टपणे देतो. याचा एक जिवंत दाखला मराठी मुलखातच आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज तेलाच्या घाण्यावर उपजीविका करी. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून शेजारच्या गावकऱ्यांनी त्यांस 'शनवार तेली' हे नाव दिले. धर्मग्रंथाचा एक शब्दही न वाचलेल्या त्या गावकऱ्यांस या लोकांची ओळख पटली ती एका थांबलेल्या घाण्यावरून.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. यशया आणि मीखा सांगतात की राष्ट्रे आपल्या तलवारींचे फाळ आणि भाल्यांच्या द्राक्षवेली छाटावयाच्या कोयत्या करतील. 'योएल' या ग्रंथात हेच शब्द उलट फिरविले आहेत. तेथे राष्ट्रांना युद्धाचे आव्हान देताना फाळांच्या तलवारी आणि कोयत्यांचे भाले करा, असे सांगितले आहे. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याची शंका संहितेतच नोंदलेली होती. बहुतेक अभ्यासक योएलचा ग्रंथ उत्तरकालीन मानतात. तसे असेल तर शांतीचे ते वचन लोकांच्या ओठी बसल्यावर कोणीतरी ते जाणूनबुजून उलटे केले, असे म्हणावे लागते.

भाषेतही याची खूण आहे. 'निर्गम'च्या विसाव्या अध्यायात वेदी न घडविलेल्या धोंड्यांची असावी, त्यांवर हत्यार उगारले तर ती भ्रष्ट होते, असे म्हटले आहे. तेथे पाथरवटाच्या हत्याराला वापरलेला शब्द 'हेरेव' हा आहे, आणि यशयाच्या वचनातील तलवारीलाही 'हेरेव' हाच शब्द आहे. अवजार आणि शस्त्र यांमध्ये हिब्रू भाषेने येथे भिंत उभारलेली नाही. लोखंड तेच, भट्टी तीच, घणही तोच.

मग फरक कशात? मीखाने आपल्या वचनास एक पुस्ती जोडली आहे : प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली आणि आपल्या अंजिराखाली बसेल आणि त्याला कोणी भेवडावणार नाही. हा मीखा यहूदाच्या तळटेकड्यांतील मोरेशेथ गावचा. याच प्रदेशातील लाखीश हे मोठे नगर इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने जिंकले. त्याच ग्रंथात दुसऱ्याचे शेत बळकाविणाऱ्या धनवंतांवरही कोरडे ओढले आहेत. शेत आपले, वेल आपली आणि भय नाही, अशा स्थितीतच फाळ फाळ राहतो. शेत गेले, लोहार नेला, जाते गहाण पडले, की त्याच लोखंडाचे दुसरे काही होण्यास वेळ लागत नाही.

तो विद्यार्थी आता शाळा सोडून गेला आहे. त्याला देता न आलेले उत्तर आम्ही पुढच्या वर्गांस देत असतो. आता त्या तासाला पुतळ्याच्या चित्राबरोबर घरचा वरवंटाही वर्गात नेतो आणि तो मुलांच्या हाती देतो.