बुडालेल्या माणसाचे पोट का दाबू नये?

सुट्टी लागली की तारकर्ली, काशीद, गणपतीपुळे, गोवा असे बेत ठरतात. पॅरासेलिंग, बनाना राईड, समुद्रात डुंबणे हे सगळे आलेच. अशा वेळी कोणी बुडाले आणि बाहेर काढले, तर जमलेली गर्दी काय करते? पालथे घालते, पोट दाबते, कधी पाय धरून उलटे लटकवते. "आधी पाणी काढा!" ही समजूत आली कुठून?

ती जुनी आहे आणि जगभर होती. 1767 साली कालव्यांच्या ॲमस्टरडॅम शहरात बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. 1774 मध्ये लंडनमध्येही तशीच संस्था सुरू झाली. त्या काळी रुग्णाला ऊब देत, पिंपावर घालून लोळवत, तोंडाने हवा फुंकत आणि चक्क गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडत! थेम्स नदीकाठी त्यासाठी भाते ठेवलेले असत. पुढे निकोटीन हृदयाला घातक असल्याचे कळले आणि धूर बंद झाला.

पण त्याबरोबर तोंडाने श्वास देणेही मागे पडले. 19व्या शतकात हात वर-खाली करण्याची सिल्व्हेस्टर पद्धत आली. 1903 मध्ये शेफर यांनी पालथे झोपवून पाठ दाबण्याची पद्धत मांडली. ती अनेक वर्षे शिकवली गेली.

1950 च्या दशकात अमेरिकेत डॉ. जेम्स एलम आणि डॉ. पीटर सफार यांनी हे तपासून पाहिले. औषधाने श्वास थांबवलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. पाठ दाबून फुप्फुसात पुरेशी हवा जातच नव्हती. तोंडाने दिलेला श्वास मात्र पुरत होता. आपल्या उच्छ्वासात सुमारे 16 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, तेवढा पुरतो. 1960 मध्ये छाती दाबण्याची पद्धत त्याला जोडली गेली आणि आजचे सीपीआर तयार झाले.

आता कारण समजून घ्या. बुडणारा माणूस दगावतो तो ऑक्सिजन न मिळाल्यामुळे. फुप्फुसात बहुधा थोडेच पाणी जाते. बरेचसे पोटात असते. पोट दाबले की उलटी होते, ती श्वासनलिकेत शिरते आणि मोलाची मिनिटे वाया जातात.

म्हणून हे लक्षात ठेवा :

• श्वास चालू नसेल तर उताणे झोपवा, 108 ला फोन करायला सांगा.
• हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून आधी 2 ते 5 श्वास द्या.
• मग छातीच्या मधोमध 30 वेळा दाबा, 2 श्वास द्या. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा.
• श्वास चालू असेल, पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा.
• शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या. फुप्फुसाला सूज काही तासांनीही येऊ शकते.

आणि मुळात ही वेळ येऊ नये म्हणून : मद्यपान करून पाण्यात उतरू नका, लाइफ जॅकेट नीट बांधा, लाल झेंडा असेल तिथे जाऊ नका. ओढ आत नेऊ लागली तर तिच्याविरुद्ध झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत तिच्यातून बाहेर पडा.

श्वास द्यायचा, पाणी काढायचे नाही, हे कळायला डॉक्टरांना जवळजवळ दोनशे वर्षे लागली. तुम्हाला आज दोन मिनिटांत कळले. सहलीला निघण्यापूर्वी गाडीतल्या सगळ्यांना सांगा.