पानिपतच्या पराभवाचे मराठी समाजावरील परिणाम

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या तिसऱ्या युद्धात अहमदशाह अब्दालीने मराठ्यांचा पराभव केला. सदाशिवरावभाऊ व विश्वासराव धारातीर्थी पडले. सैन्यासोबतचे बाजारबुणगे व यात्रेकरूही मोठ्या संख्येने बळी पडले. पुढे ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार संपूर्ण पराभव या अर्थाने मराठीत रूढ झाला.

या युद्धात जखमी होऊन बचावलेल्या महादजी शिंदे यांनी पुढे द बॉइन या युरोपीय सेनानीकरवी कवायती पायदळ उभारले. ११ मार्च १७९५ रोजी अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा (ता. जामखेड) येथे मराठा सरदारांनी एकत्र येऊन निजामाचा पराभव केला. मात्र ही एकजूट टिकली नाही. १८०३ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांकडून अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या पक्षात होते आणि होळकर अलिप्त राहिले.