काडतूस भरणे हे घरचे काम नव्हे!

नागरा (जि. गोंदिया) : प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे नागरा हे गोंदिया शहरालगतचे गाव. परिसरातील मुख्य पीक धान. लोंब भरू लागली की पूर्व विदर्भातील शेतकऱ्याची झोप उडते ती रानडुकरांमुळे. कळप एकदा बांधीत शिरला की खातो त्यापेक्षा अधिक तुडवितो. पीकरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगण्याची जुनी प्रथा येथूनच आली. ठासणीच्या बंदुकीत दारू, डाट व छर्रे हातानेच भरावे लागतात. त्यामुळे बारा बोअरची रिकामी काडतुसेही घरी पुन्हा भरता येतील, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. मात्र ती समजूत हाताशी, डोळ्याशी आणि कायद्याशीही गाठ घालणारी आहे.

काडतुसात असते काय?

छऱ्याच्या काडतुसाचे पाच घटक असतात : कागदी वा प्लास्टिकची खोळ, तिच्या पितळी बुडात बसविलेली टोपी, बंदुकीची दारू, डाट आणि छर्रे. घोड्याचा आघात होताच टोपी पेटते, तिची ज्वाळा दारूला लागते व क्षणार्धात प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. डाट हा वायू अडवून धरते आणि छऱ्यांना नळीबाहेर ढकलते.

'बारा बोअर' हे मापही जुन्या हिशेबातून आले आहे. एक पौंड शिशाच्या १२ समान गोळ्या केल्यास त्यांपैकी एका गोळीचा जो व्यास, तोच नळीचा व्यास. म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस बोअरची नळी त्याहून अरुंद, सुमारे १५.६ मिलिमीटरची असते. छऱ्यांच्या बाबतीतही आकडा वाढला की आकार घटतो. ब्रिटिश मापानुसार ६ क्रमांकाचा छर्रा सुमारे २.६, तर ४ क्रमांकाचा ३.१ मिलिमीटरचा असतो. एसजी व एलजी हे मोठे छर्रे अनुक्रमे सुमारे ८.४ आणि ९.१ मिलिमीटरचे असतात.

एक बदलला की सारे बदलते

घटकांची निवड करताना खरी अडचण येथेच येते. हे पाचही घटक स्वतंत्र नसतात. टोपी अधिक तीव्र असेल तर तीच दारू अधिक वेगाने जळते. खोळीची आतील जागा कमी असेल किंवा डाट अधिक घट्ट बसत असेल तर दाब वाढतो. छऱ्यांचे वजन वाढले तरी तेच घडते. म्हणूनच अमेरिकेसारख्या देशांत, जेथे नेमबाज घरी काडतुसे भरतात, तेथे टोपी, खोळ, दारू, डाट व छऱ्यांचे वजन यांची प्रयोगशाळेत दाब मोजून तपासलेली जुळणीच वापरली जाते. त्यातील एक वस्तू मिळाली नाही म्हणून 'तशीच दुसरी' घालणे हा तेथेही घोडचुकीचा प्रकार मानला जातो.

सर्वांत मोठी गफलत दारूच्या बाबतीत होते. शोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू आणि नायट्रोसेल्युलोजपासून बनलेली बिनधुराची दारू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली; तिची ताकद काळ्या दारूच्या कितीतरी पट आहे. काळ्या दारूसाठी बनलेल्या जुन्या नळीत, त्याच मापाने ही दारू भरल्यास नळी फुटू शकते. बार काढणाऱ्याचा डावा हात नळीखाली आणि चेहरा तिच्या मागे असतो, हे लक्षात घेतले म्हणजे परिणामांची कल्पना येते.

वापरलेल्या खोळीचाही भरवसा नसतो. तिचे तोंड चिरते, बुडाजवळ भेगा पडतात, कागदी खोळ पावसाळी हवेत फुगते. याउलट दारू कमी जळाल्यास डाट नळीतच अडकते आणि पुढचा बार प्राणघातक ठरतो.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम १३ नुसार प्रामाणिक पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. मात्र बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दारूगोळा तयार करण्याचा वेगळा. दुसऱ्यासाठी कलम ५ लागू होते. काडतुसाचे सुटे भाग व ते बनविण्याची यंत्रे यांचाही कायद्याच्या व्याख्येत 'दारूगोळा' म्हणूनच समावेश आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीसाठी किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

हाती बंदूक आहे म्हणून जनावर मारता येते, असेही नाही. रानडुकराचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत असून उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबतही सक्षम वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक असते. नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा व भरपाईचा मार्ग खुला आहे.

शिसे आणि पाणपक्षी

छर्रे बहुधा शिशाचे असतात. घरी शिसे वितळविल्यास त्याची वाफ व धूळ शरीरात जाते. लहान मुलांना तिचा अपाय सर्वाधिक होतो. तळ्याकाठी पडलेले छर्रे पाणपक्षी खडे समजून गिळतात व विषबाधेने मरतात. याच कारणाने अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली. महाराष्ट्रातील सारसांचे मुख्य आश्रयस्थान असलेल्या गोंदिया जिल्ह्याला हा मुद्दा परका नाही.

निवड करायची ती तयार काडतुसाची

१८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळील खडकी दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. काडतूस घेताना पुढील बाबी पाहाव्यात :

* बोअर : वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. मागून दुसरे भरल्यास नळी फुटते. दोन्ही एकत्र ठेवू नयेत.
* लांबी : ६५ मिलिमीटरच्या घरात ७० मिलिमीटरचे काडतूस वापरू नये. ते बसते, पण उडताना खोळ उघडण्यास जागा उरत नाही व दाब वाढतो.
* अवस्था : फुगलेले, गंजलेले वा तोंड सुटलेले काडतूस बाजूला ठेवावे.
* बार न उडाल्यास : नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे. आवाज क्षीण आल्यास बंदूक रिकामी करून नळी तपासावी.

बंदूक जुनी असल्यास परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडून तिची तपासणी करून घेणे इष्ट. धानाचे पीक पुढल्या हंगामात पुन्हा उभे राहते. गेलेला डोळा वा हात परत येत नाही.