गॉस्पोर्टची न जळलेली गोदी

१७ एप्रिल १८६१ रोजी व्हर्जिनियाने अमेरिकी संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला आणि नॉरफोकच्या समोर, एलिझाबेथ नदीकाठची गॉस्पोर्टची आरमारी गोदी शत्रूच्या मुलखात अडकली. अभियंता बेंजामिन आयशरवुड यांनी खपून ‘मेरिमॅक’ या युद्धनौकेची इंजिने चालू केली होती. तरी गोदीप्रमुख चार्ल्स मॅकॉली यांनी ती बाहेर काढू दिली नाही. २० एप्रिलच्या रात्री उत्तरेच्या आरमाराने गोदीला आग लावून काढता पाय घेतला. या गोदीचे नाव निघाले की पुढे उत्तरेच्या ‘मॉनिटर’शी झुंजलेली चिलखती ‘व्हर्जिनिया’ आठवते. पण दक्षिणेला गॉस्पोर्टमधून मिळालेली सर्वांत मोठी लूट तोफांची होती, असे माझे ठाम मत आहे. त्या रात्री खलाशांनी तोफांवर घण घातले, पण बहुतेक तोफा दाद देईनात. शेवटी कानात खिळे ठोकून त्या तशाच सोडल्या गेल्या, आणि असे खिळे काढणे काही अवघड नसते. हजारावर तोफा दक्षिणेच्या हाती आयत्या पडल्या आणि किनाऱ्यावरच्या व नद्यांकाठच्या किल्ल्यांवर चढल्या. अवजड तोफा ओतणारा मोठा कारखाना दक्षिणेकडे त्या वेळी रिचमंडचा ट्रेडेगार हाच. त्या तोफा नसत्या, तर कित्येक बुरूज पहिले वर्षभर रिकामे राहिले असते.

दुसरी गोष्ट सुक्या गोदीची. १८३३ पासून वापरात असलेली ही दगडी गोदी उडवण्यासाठी पेरलेला सुरुंग पेटलाच नाही. जळून बुडालेली ‘मेरिमॅक’ वर काढून तिथेच उभी केली गेली. ट्रेडेगारचे दोन-दोन इंची लोखंडी पत्रे दुहेरी चढवून तिची ‘व्हर्जिनिया’ झाली. ८ मार्च १८६२ रोजी तिने उत्तरेची ‘कंबरलँड’ बुडवली. आगीच्या रात्री गोदीतून ओढून सुखरूप नेलेली नौका ती ही ‘कंबरलँड’च.

यावर आक्षेप असा, की खाडीच्या तोंडाशी फोर्ट मनरो उत्तरेकडेच राहिला, त्यामुळे गॉस्पोर्टची जहाजे कोंडलेलीच होती. हे खरे आहे. पण दक्षिणेला समुद्र जिंकायचा नव्हता. आपल्या नद्या बंद ठेवायच्या होत्या. ‘व्हर्जिनिया’ जागेवर होती तोवर जेम्स नदीतून रिचमंड गाठण्याचा मार्ग उत्तरेचे सेनापती मॅक्लेलन यांना मोकळा नव्हता. ती जेमतेम दोन महिने टिकली, हा दुसरा आक्षेप तर गोदीचे महत्त्वच सिद्ध करतो. १० मे रोजी नॉरफोक पडले. सुमारे २२ फूट पाणी लागणारे ते धूड नदीतून वर चढेना, आणि परतायला गोदी उरली नव्हती. ११ मे रोजी, कोणत्याही लढाईत बुडालेली नसताना, तिच्याच खलाशांनी ती उडवून दिली.