ब्रेकचे तेल आणि रबराची वाटी

१ जून १९४८ रोजी नगरच्या माळीवाड्यातून एक मोटार पुण्याकडे निघाली. निळ्या अंगाची, रुपेरी टपाची, बेडफर्ड बनावटीची. चालक होते किसन राऊत आणि वाहक होते लक्ष्मण केवटे. मुंबई राज्याच्या एस.टी.ची ही पहिली गाडी. तिची हकीकत आपल्या जिल्ह्यात अनेकदा सांगून झाली आहे. गाडी निघाली कशी, हे सगळे सांगतात. ती थांबत कशी होती, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि मंडळी, रस्त्यावर बैलगाड्या, शेरडे-मेंढरे, बाजाराची माणसे. सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर अशी गावे ओलांडत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जायचे, तर धावण्यापेक्षा थांबण्याचीच विद्या मोठी!

त्याआधी आपल्याकडे खाजगी सर्व्हिस मोटारी चालत. त्या काळातल्या पुष्कळ मोटारींचे ब्रेक लोखंडी सळयांचे किंवा तारेच्या दोरांचे असत. पाय दाबला की सळई ओढली जाई आणि चाकातला पट्टा ड्रमवर घासे. कल्पना सरळ, पण चार चाकांच्या चार सळया सारख्या ताणात राहणार कशा? एक सैल पडली, दुसरीचा सांधा झिजला, की गाडी ब्रेक मारताच एका अंगाला ओढायची. ड्रायव्हरचा निम्मा जीव सुकाणूचे चाक सावरण्यात जायचा.

सळयांच्या जागी तेल वापरावे, हे अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड याने मनावर घेतले. त्याने १९१७ साली पेटंट मिळवले. भावाबरोबर विमानांच्या धंद्यात होता तोच हा. १९२१ साली ड्युसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. परंतु तेल गळायचे. १९२४ साली क्रायस्लर मोटार निघाली तेव्हा तिच्या इंजिनियरांनी रबराच्या वाट्या बसवून ही गळती आटोक्यात आणली. हेन्री फोर्डचा तरीही विश्वास बसेना. त्याच्या कारखान्याने १९३९ च्या मॉडेलपर्यंत सळया आणि तारा सोडल्या नाहीत. हट्टी माणूस; पण त्याचा हट्ट अगदीच बिनबुडाचा नव्हता. सळई तुटली तर एका चाकाचा ब्रेक जातो. त्या जुन्या रचनेत तेलाची एक नळी फुटली तर चारही चाकांचा जायचा.

आता तेल हे काम करते कसे? शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. सुई काढलेल्या दोन सिरिंज घ्या, एक जाड, एक बारीक. प्लॅस्टिकच्या नळीने त्या जोडा आणि आत पाणी भरा. बारकीचा दट्ट्या दाबला की जाडीचा दट्ट्या वर येतो; थोडाच येतो, पण जोराने येतो. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्काल या फ्रेंच विद्वानाने सतराव्या शतकात सांगून ठेवले. मोटारीत पायाखाली असतो तो मास्टर सिलिंडर आणि प्रत्येक चाकात असतो तो छोटा व्हील सिलिंडर. समजा, पायाचा जोर वीस किलो आणि पेडलच्या लांबीने तो पाचपट होतो. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर शंभर किलो. दट्ट्या एक इंच व्यासाचा असेल तर त्याचे तोंड सुमारे पाच चौरस सेंटिमीटर. म्हणून तेलाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर वीस किलोचा दाब. तेवढाच दाब, एकाच क्षणी, चारही चाकांत. ओढाताण नाही, सळयांचा हिशेब नाही.

आता त्याच नळीत हवेचा एक बुडबुडा शिरू द्या आणि पुन्हा दाबा. हात मऊ लागेल. हवा दबते, पाणी दबत नाही. मोटारीचे पेडल ‘स्पंजासारखे’ लागते, ते एवढ्याचसाठी.

हा सगळा डोलारा उभा असतो एका रबराच्या वाटीवर. आपले फिटर तिला नुसते ‘कप’ म्हणतात. चाकातल्या सिलिंडरात साधारणपणे दोन दट्टे पाठीला पाठ लावून असतात आणि प्रत्येकाच्या मागे एक वाटी, तोंड तेलाकडे करून. दाब आला की वाटीची कड फाकते आणि भिंतीला घट्ट चिकटते. कड झिजली, चिरली, कडक झाली की तेल पाझरू लागते. बाहेरून धूळ येऊ नये म्हणून रबराची टोपी असते. नगरसारख्या कमी पावसाच्या, धुळीच्या मुलखात ती टोपी फाटली आणि कोणी पाहिले नाही, तर आतली गुळगुळीत भिंत लवकरच ओरखडते.

आणखी एक गंमत सांगतो. ब्रेकचे पहिले तेल हे पुष्कळ अंशी आपले एरंडेल होते! एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण. कारण त्या वाट्या नैसर्गिक रबराच्या, आणि खनिज तेलात असे रबर फुगते. एरंडेलाशी मात्र त्याचे जमते. अडाण्याने केलेला घात तो हाच. वाटेत तेल गळाले, जवळ इंजिनाचे तेल होते, ओतले. तेवढ्यापुरती गाडी गावात पोचते. दोन दिवसांनी वाट्या फुगतात, मास्टर सिलिंडरातले तेल परत येण्याचे बारीक भोक बुजते आणि ब्रेक धरून बसतात, ड्रम तापून लाल. मग एक वाटी बदलून भागत नाही. सगळीकडचे रबर काढावे लागते. सिलिंडर रॉकेलने किंवा पेट्रोलने धुणारालाही हेच भोगावे लागते. धुवायचे ते स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक ऑइलनेच.

एस.टी.च्या आरंभीच्या फिटरांची पंचाईत निराळीच होती. गाड्या दहा बनावटींच्या: शेव्हरले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. प्रत्येक घरची वाटी वेगळ्या मापाची, वेगळ्या पेटीतली, आणि पुष्कळशी बोटीने येणारी. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन वाट्यांतला फरक कोठी सांभाळणाराला कळला नाही, तर त्याची किंमत घाटात मोजावी लागणार. पुढे मद्रासला १९६२ साली ब्रेक्स इंडिया निघाली आणि असे सामान देशात होऊ लागले. एस.टी.च्या दहा बनावटीही हळूहळू कमी होत टाटा आणि लेलँडवर आल्या. मोठ्या गाड्या कालांतराने हवेच्या ब्रेकवर गेल्या. तेलाचे राज्य जीप, मोटार आणि लहान टेंपो यांच्यात राहिले.

जीप तर खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीची. १९५२ साली समूह विकास योजना सुरू झाली आणि साहेबाची जीप गावात येऊ लागली. तिचा मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली. तेल घालायचे तर पत्र्यातले झाकण काढायचे. भोवतालची माती आधी फडक्याने पुसली नाही तर ती सरळ तेलात. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांतले सिलिंडर एक इंचाचे आणि मागचे पाऊण इंचाचे, कारण ब्रेक मारताच गाडीचा भार पुढे झुकतो. हे न समजून मागचा सिलिंडर पुढे बसवणाराला काय म्हणावे!

वाटी गेल्याची खूण चाकाच्या आतल्या बाजूस दिसते: टायर ओला, त्यावर धूळ चिकटलेली. ड्रम काढून रबरी टोपी उचलून पाहावी. आत ओल दिसली तर वाटी गेलीच म्हणून समजा. भिंतीला खड्डे पडले असतील तर नुसती वाटी बदलणे हा पैशाचा नाश. सिलिंडरच बदलावा, आणि बदलताना त्या धुरीच्या दोन्ही चाकांचे काम बरोबरच करावे. मग हवा काढायची. याला दोन माणसे लागतात, ड्रायव्हर आणि किन्नर. बहुतेक जुन्या गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. खालचा म्हणतो, “दाब!” वरचा दाबतो. “धरून ठेव!” खालचा निपल सोडतो, बाटलीत बुडबुडे येतात, निपल बंद होते. “सोड आता!” बुडबुडे संपेपर्यंत हेच. निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत. वरच्या डबीतले तेल संपू द्यायचे नाही, आणि बाटलीतले काढलेले तेल परत ओतायचे नाही.

आजचे तेल एरंडेलाचे नाही, ग्लायकॉलच्या जातीचे आहे, आणि त्याला हवेतले पाणी ओढून घेण्याची खोड आहे. डॉट ३ जातीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पौणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही हमी १४० अंशांवर येते. करंजीच्या, इमामपूरच्या किंवा चंदनापुरीच्या घाटात सारखा पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर ही उष्णता गाठायला वेळ लागत नाही. तेल उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल फळीला टेकते. खाली पोचून गाडी थंड झाल्यावर तेच पेडल पुन्हा घट्ट! मग फिटरला दोष सापडत नाही आणि ड्रायव्हर खोटा ठरतो. म्हणून तेल साधारण दोन वर्षांनी बदलायचे, गळो वा न गळो. आणि घाट उतरायचा तो खालच्या गिअरवर. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग अजून भेटतात. ज्या गाडीत इंजिनाच्या ओढीने पायाला मदत मिळते, तिचे इंजिन बंद पडल्यावर दोन-चार दाबांतच पेडल दगडासारखे होते.

फोर्डच्या शंकेला उत्तर मिळायला बराच काळ गेला. मास्टर सिलिंडरचे दोन भाग करून दोन वेगळ्या वाटा काढल्या, म्हणजे एक फुटली तरी दुसरी दोन चाके धरते. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे सक्तीचे झाले. आपल्या रस्त्यांवरच्या एका वाटेच्या जीपा त्यानंतरही पुष्कळ वर्षे धावत राहिल्या.

२०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. प्रवरा काठी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून इथल्या रस्त्यांवर उसाची वाहतूक वाढतच गेली आहे. गळिताच्या हंगामात रात्री रस्त्यावर उभे राहून पाहा. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचे डोंगर, आणि त्यांतल्या पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नाहीच. तो सगळा भार उतारावर ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी पेलायचा. ट्रॉलीलाही तेलाचे ब्रेक बसवता येतात. सिलिंडर तोच, वाटी तीच, हवा काढायची रीतही तीच.