थंडीतलं डिझेल

दर डिसेंबरात पेपरात एक बातमी ठरलेली असते : निफाड गारठलं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला तो आकडा, आणि खाली द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा फोटो. २०१८ च्या डिसेंबरअखेर तर तिथे पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. मग पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करतात. द्राक्षांची चौकशी होते, गव्हाला बरी म्हणतात ही थंडी. गाड्यांची चौकशी कोणी करत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मात्र आमच्याकडे थंडीची बातमी पेपरातून कळत नसे, पहाटे जीपच्या आवाजावरून कळे. एका सेल्फला सुरू झाली तर थंडी बेताची. तीन-चार लागले तर कडक. आणि नुसतंच घुर्रर्र... घुर्र... टक् झालं, की आजी पांघरुणातूनच ओरडायची, "आज बागेत शेकोट्या करा रे!"

आता गंमत बघा. महाराष्ट्राच्या सपाटीवर सगळ्यात कडक थंडी पडते ती आमच्या जिल्ह्यात, आणि थंडीला सगळ्यात जास्त घाबरणारं जे यंत्र, म्हणजे जुनं डिझेल इंजिन, त्याचं माहेरही आमच्याच जिल्ह्यात. सातपूरला मायको आली ती १९७० च्या सुमारास. (आता तिचं नाव बॉश. २००८ साली बदललं, पण चौकाला नाशिककर अजून मायको सर्कलच म्हणतात.) तिथे डिझेलची नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. मग १९८० च्या दशकात महिंद्राच्या जीप नाशिकला बनू लागल्या आणि त्यांची इंजिनं घाटमाथ्यावर इगतपुरीला. इंजिनाची रचना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची, २११२ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकाचं बोअर ९० मिलिमीटर. म्हणजे आमच्या गावच्या रस्त्यावर पहाटे न पेटणाऱ्या गाडीचं इंजिन इगतपुरीचं, नोझल सातपूरचं आणि थंडी निफाडची, असं सहज होऊ शकत होतं! दोष त्या गाडीचा नसे, हे मात्र सांगायला हवं. डिझेलचा स्वभावच तो आहे.

स्वभाव समजायला सायकलचा हातपंप पुरे. हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, ते लहानपणी सगळ्यांनी हात लावून पाहिलेलं असतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने एवढ्याच गोष्टीवर इंजिन उभं केलं. १८९७ साली आउग्सबुर्गला ते नीट चाललं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये ठिणगी नाहीच. हवा वीस-बावीस पट दाबायची, चालू इंजिनात ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात नोझलने डिझेल फवारायचं, की ते आपोआप पेटतं.

सगळा खेळ त्या उष्णतेचा. पहाटे लोखंडच बर्फासारखं असलं तर दाबलेल्या हवेची ऊब ते लोखंड खाऊन टाकतं. तेल घट्ट झालेलं, म्हणून इंजिन जड फिरतं. थंडीने बॅटरीची ताकद घटते, म्हणून सेल्फ आणखी हळू. आणि हळू फिरलं की हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो, म्हणजे दाब कमी, म्हणजे ऊब आणखी कमी. चारही बाजूंनी चोरी. त्यात इंजिन जुनं, बोअर झिजलेलं असेल तर विचारूच नका.

डिझेल स्वतःही थंडीत मेणासारखं घट्ट होऊ लागतं. भारतीय मानकात त्याचे हिवाळी आणि उन्हाळी निकष वेगळे आहेत : हिवाळ्यात ते तीन अंशांपर्यंत वाहतं राहायला हवं, उन्हाळ्यातल्याला पंधरा अंश चालतात. निफाडचा पारा दोनवर जातो, यावरून काय ते समजा. लडाखला तर उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलं. त्याआधी तिकडे ट्रकच्या खाली शेगडी किंवा जाळ ठेवून तेल आणि टाकी गरम करत, हे आमच्याकडे फौजेतून परतलेल्या ड्रायव्हरांकडूनच ऐकलं. देवळाली कॅम्प जवळ, त्यामुळे असे ड्रायव्हर बरेच.

मग एवढा त्रास होता तर लोक डिझेल घेत का होते? कारण साधं, पैसा. सरकारने डिझेलचा भाव कितीतरी वर्षं पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवला होता, ते नियंत्रण सुटलं ते ऑक्टोबर २०१४ मध्ये. अँबॅसेडरमध्ये १९८० च्या सुमारास ब्रिटिश रचनेचं १४८९ सीसीचं डिझेल इंजिन आलं. ताकद जेमतेम ३७ घोडे, चढावर बैलगाडीशी शर्यत, तरी लोकांनी घेतली. पेट्रोलची जुनी गाडी घेऊन तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेणारेही होते.

दुसरं कारण असं, की शेतकऱ्याला डिझेल नवं नव्हतं. मोटारीच्या कितीतरी आधी ते विहिरीवर आलं होतं. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. विहिरीवरचं ते इंजिन हँडल मारून सुरू करायचं. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे दाब बसत नाही आणि चाक हलकं फिरतं. चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा. धाड्! कडक थंडीत हवा ओढण्याच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचा, गरम हवा आत जायची. ज्याने हे केलं होतं त्याला जीपचं काही शिकवावं लागलं नाही. पाहुण्यांना ते सगळे गावठी उपाय वाटत. मला वाटतं ते उपाय करणाऱ्याला ऊब कुठे चोरीला जाते ते पक्कं ठाऊक होतं. जीपला हीटर प्लग होतेच. त्यांची टोकं आत लालबुंद होतात. पण ते बॅटरीवर चालतात, आणि बॅटरी तर आधीच गारठलेली.

आमचे तात्या, म्हणजे माझे मोठे काका, यांची पद्धत ठरलेली. रात्री रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं. पहाटे चुलीवर हंडा. ते पाणी उकळतं नाही घालायचं, हात बुडवता येईल इतपतच, नाहीतर हेडला तडा जातो. बॅटरी काढून रात्री घरात आणायची, आजीच्या खाटेखाली ठेवायची. यावरून आजी आणि तात्यांचं दर हिवाळ्यात भांडण. मग हीटर, मनातल्या मनात तीस आकडे, आणि एकच लांब सेल्फ. तुकड्यातुकड्याने सेल्फ मारणाऱ्याला तात्या शिव्या घालत.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे चढ. गोठ्याशेजारी मुरूम टाकून तात्यांनी चारेक फूट उंच चढ करून घेतला होता आणि जीप कायम त्यावर, तोंड फाटकाकडे. ब्रेक सोडला की गाडी आपोआप घरंगळणार, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. तेव्हाचा डिझेल पंप सगळा यांत्रिक, त्याला वीज लागत नसे, इंजिन फिरलं म्हणजे डिझेल आलंच. शेजारपाजारचे हसायचे, "तात्या, जीपला ओटा बांधला का?"

एका जानेवारीत रात्री अडीचला आजीला धाप लागली. ओठ काळेनिळे. गावात दुसरी गाडी नव्हती, हंड्यात पाणी तापवायला वेळ नव्हता. बॅटरी बसवली पण सेल्फ अर्धा फिरून थांबला. तात्यांनी आजीला आत बसवलं, आत्या तिला धरून मागे, आणि ब्रेक सोडला. फाटकापर्यंत काही नाही. फाटकाबाहेर पांढरा धूर सुटला, एक सिलिंडर पेटलं, मग दुसरं. वडील मागून ढकलत होते की नुसते पळत होते, यावर घरात आजही एकमत नाही. आत्या म्हणते, चारही सिलिंडर लागल्याचा आवाज आला तेव्हा तात्या रडत होते. तात्या म्हणतात, धूर डोळ्यात गेला होता. नाशिकला पोचेपर्यंत पाऊण तास. आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली, आणि बॅटरी खाटेखाली ठेवण्यावरून पुन्हा कधी भांडली नाही.

आताच्या कॉमन रेल इंजिनांना यातलं काही लागत नाही. डिझेल थेट सिलिंडरमध्ये, प्रचंड दाबाने आणि इतकं बारीक फवारलं जातं, की आमच्याकडच्या थंडीत ती बहुतेक वेळा हीटरशिवायही सुरू होतील. किती वेळ तापवायचं ते गाडीतला कॉम्प्युटर थर्मामीटर बघून ठरवतो. उलट त्यांची बॅटरी पार बसली तर चढाचा उपयोग नाही, कारण पंप आणि नोझल दोन्ही विजेवर चालतात. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचं एक पिवळं चित्र क्षणभर दिसतं आणि विझतं. माझ्या पुतण्याला ते स्प्रिंगचं चित्र वाटत होतं, म्हणजे गाडीचा सस्पेन्शन चेक होतोय. तात्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "हीटर आहे तो. विझेपर्यंत थांब." मे महिना होता. पुतण्या थांबला.